तादेउश काकांच्या टबातला खून

पाय मोडून प्लास्टरमध्ये गेल्यापासून यागोदाने एकोणीस थरारपट पाहिले होते. सगळ्यांत गोष्ट एकच. घरात अडकलेली बाई, समोरची खिडकी, आणि कुणालाच न पटणारा खून. विसाव्या सिनेमाची गरज पडली नाही. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी, चौकापलीकडच्या बाथरूमच्या उघड्या खिडकीत शेजारचे तादेउश काका दिसले. बाह्या वर, हातात लाकडी हातोडा, गालांवर पाण्याच्या धारा.

"माफ कर गं, सोने," ते टबाकडे बघून म्हणत होते.

"आई! त्यांनी हालिना काकूंना मारलं!"

"नाताळच्या जेवणाचा कार्प मासा असेल," आई बीट किसता किसता म्हणाली. "अख्ख्या पोलंडच्या टबांत आज हेच चाललंय. मी आळशी, म्हणून मासा कापून आणला."

"मग काकू तीन दिवस दिसल्या का नाहीत?"

"सगळ्यांना तुझ्यासारखं खिडकीत बसायला वेळ नसतो."

यागोदाने पोलिसांना फोन लावला.

"ताई, सकाळपासून टबातले एकेचाळीस खून नोंदवलेत," हवालदार थकून म्हणाला. "एकेचाळीसच्या एकेचाळीस मासे निघाले. घरात कुणी मोठं माणूस आहे का?"

यागोदा सत्तावीस वर्षांची होती.

तेवढ्यात काकांनी मान वर करून थेट तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या घरातला दिवा गेला. एकोणीस सिनेमांच्या अनुभवावरून पुढचं तिला पाठ होतं. काका कापड झाकलेली बादली घेऊन चौक ओलांडू लागले.

पहिली चांदणी उगवली, नाताळच्या जेवणाला बसायची वेळ झाली, आणि बेल वाजली.

"आई, दार उघडू नकोस!"

"दर नाताळसारखं अवचित पाहुण्यासाठी जास्तीचं ताट मांडलंय ना? मग?" आईने पदर नसल्यामुळे एप्रनला हात पुसले. "खुनी असला तरी आधी सूप पिईल."

खुनी यागोदाच्या शेजारी बसला. तिने कुबडी मांडीवर घेतली.

"तू बघितलंस ना सगळं?" काकांनी विचारलं.

"सगळं."

"मग तूच सांग, मी काय करू?" त्यांनी कापड ओढलं. बादलीतून एक धष्टपुष्ट कार्प तोंड उघडमीट करत यागोदाकडे बघू लागली. "आठवडाभर टबात ठेवली. नाव क्लेमेंतिना ठेवलं, तिथेच घात झाला. हालिना म्हणाली, मला आंघोळ करायचीय, एकतर मासा मारा, नाहीतर मी चालले. गेली बहिणीकडे. तीनदा हातोडा उचलला गं. नाही जमत."

"काकू जिवंत असल्याचा पुरावा?" यागोदाने कुबडी सोडली नव्हती.

काकांनी फोन लावून, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"मेली का?" पलीकडून हालिना काकूंचा आवाज आला. "खरं सांगा. नाहीतर नाताळ इथेच, आणि नवं वर्षही."

काकांनी बादली पोटाशी ओढली. क्लेमेंतिनाने शेपटी आपटली. आईचा चमचा हवेतच राहिला.

यागोदा फोनवर वाकली. "काकू, मी यागोदा. मेली. खिडकीतून मी स्वतः पाहिलं. एकाच घावात."



"तू पाहिलंस? मग प्रश्नच नाही," काकू म्हणाल्या. "त्यांना म्हणावं, टब घासून ठेवा. निघालेच."

फोन बंद झाला. यागोदाने आईकडे असं पाहिलं, की आईने निमूट उठून बाथरूममधल्या टबाचा नळ सोडला. प्लास्टर निघेपर्यंत यागोदाला त्या टबाचा उपयोग नव्हताच.

"रोज भेटायला येऊ का?" काकांनी डोळे पुसत विचारलं.

"या," आई आतून ओरडली, "पण बाथरूमचं दार वाजवून. मी आत असेन तर?"