चेकनट आवळण्याआधी

मी एक जुना हातप्रेस आहे. मित्रांनो, छापखान्यातला नव्हे बरं का! काडतुसांच्या वापरलेल्या, फुगलेल्या पितळी पुंगळ्या मी दाबून पुन्हा मापात आणतो. कोल्हापूरच्या एका ओतशाळेत माझा जन्म झाला. पुढे सिद्धेश्वर धरणाजवळच्या एका नेमबाजी क्लबाने रीतसर परवाना काढून मला टेबलावर बसवलं.

माझा सगळा कारभार धर्मसिंगकाकांकडे. तांड्यावरचा माणूस, फौजेत बंदुका दुरुस्त करण्यात उभी हयात गेलेली. पुंगळीला माप देणारी पोलादी डाय ते माझ्या डोक्यात बसवायचे. त्यांची रीत ठरलेली. आधी पुंगळी डायमध्ये पुरी शिरवायची आणि ती आत असतानाच डाय जागेवर पक्की करणारा चेकनट आवळायचा. म्हणजे डाय आपसूक मधोमध बसते. तरी केसभर कललीच, तर मी कुरकुरायचो. "काय रे, पोट दुखून राहिलं व्हय?" असं म्हणत काका लगेच नट ढिला करायचे.

जवळा बाजार गावची आकांक्षा ही त्यांची लाडकी शिष्या. ज्युनिअर गटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं. निवड चाचणीच्या आदल्या दिवशी काका तिच्यासाठी काडतुसं भरायला बसले आणि नेमके पाहुणे आले. पाहुण्यांसमोर काकांनी मला भरपूर तेल पाजलं. चहा निवत होता, गप्पा रंगल्या होत्या. काकांनी पुंगळी न घालताच, नुसत्या नजरेच्या अंदाजाने नट आवळला. त्या नजरेत मोतीबिंदू उतरला होता, पण ते त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

डाय कलली. मला कळलं की हो! पण तेवढ्यात एक पाहुणा म्हणाला, "वा! काय लोण्यावानी चालून राहिलं हे यंत्र!" मी फुशारलो. जोर केला असता तर तेलातूनही कुरकुरता आलं असतं. मी गप्प बसलो आणि पन्नास पुंगळ्या वाकड्या काढून दिल्या.

दुसऱ्या दिवशी आकांक्षाच्या गोळ्या चहूकडे विखुरल्या. निवड हुकली. परत आल्यावर ती एवढंच म्हणाली, "काका, माझा हातच हालून राहिला." त्यानंतर ती क्लबात आलीच नाही. काकांनीही काडतुसं भरणं सोडलं. माझ्यावर पोतं पडलं आणि त्या पोत्याखाली आठ महिने मला तिचं ते वाक्य ऐकू येत राहिलं. लाज वाटत होती मला.

मग काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. एके सकाळी त्यांनी पोतं काढलं, तेव्हा चाचणीतली उरलेली एक पुंगळी त्यांच्या हाती लागली. तिच्या एकाच अंगाला चकचकीत ओरखडा होता. काकांनी ती काचेवर घरंगळवली. पुंगळीचं तोंड डुगडुगत गेलं. ती वाकडी निघालीय हे काकांना कळलं; त्यांनी ती माझ्याजवळ टेबलावर ठेवून दिली.

त्याच आठवड्यात आकांक्षा नेमबाजीचं जाकीट परत द्यायला आली. "दुसऱ्या कोण्या पोरीला द्या काका."

काका बोलले नसते तर कुणाला काही कळलं नसतं. त्यांनी माझ्या दांड्यावर हात ठेवला.

"पोरी, तुझा हात न्हाई हालला. माझी डाय वाकडी व्हती. मोतीबिंदूपायी मला दिसलंच न्हाई."

तिने पुंगळी उचलून पाहिली. तिचे डोळे भरून आले. "आठ महिने मी माझ्याच हाताला शिव्या देऊन राहिले, काका! डोळ्याला दिसत नव्हतं, तर बोलले काहून न्हाई?"

"लाज वाटली, लेकरा."

मग जाकीट खुर्चीवर टाकून तिने माझा नट ढिला केला, पुंगळी घातली आणि दांडा पुरा खाली ओढून धरला. "आवळा आता. मी धरलंय."

मित्रांनो, तिचं ज्युनिअरचं वर्ष काही परत आलं नाही. म्हणून हात जोडता येत नसले तरी विनवतो. यंत्राला तेल द्या, पुसा, पण त्याचं कुरकुरणंही ऐका. आणि तुमच्या आत काही कललेलं असेल, तर लोक वाहवा करत असले तरी त्याच दिवशी कुरकुरा. मी कुरकुरलो नाही, आणि शिव्या त्या पोरीच्या हाताने खाल्ल्या.