फिल्ममधलं वटवाघूळ

देवजी भगताने काळी फिल्म उन्हाकडे धरली आणि अंगणात जमलेली निम्मी वाडी आ वासून वर बघू लागली.

"ह्ये बगा! कवटीच्या मदोमद. पंख पसरून बसलंय. वाघूळ हाय वाघूळ! माळशेजच्या कड्यावरनं उतरलंय आन् पोराचा मेंदू चोखतंय!"

आणि खरोखरच, करड्या मेंदूच्या मध्यभागी दोन पंखांचं काहीतरी काळं दिसत होतं. "अगो आये!" कुणीतरी किंचाळलं. जिवलीने पदर तोंडात कोंबला. तिचा मुलगा अमोल मेढीच्या खांबाला बांधलेला होता आणि चुलीत विळा लाल होत होता.

"चांगल्या माणसाच्या डोस्क्यात ह्ये नसतं," देवजी म्हणाला. "कपाळावर डाग दिला की उडंल."

भाविका गर्दीत अगदी पुढे उभी होती. अमोल तिचा धाकटा भाऊ. दिवाळीपासून त्याला कुणीतरी न दिसणारं माणूस शिव्या देत होतं. जेवणात विष आहे म्हणून तो ताट लोटून द्यायचा. त्याची वाशिंदच्या कारखान्यातली नोकरी सुटली. शहापूरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेल्या भाविकाने त्याला मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथले डॉक्टर या आजाराच्या सुरुवातीलाच मेंदूची छायाचित्रं घेऊन अभ्यास करत होते. ताडून बघायला त्यांना निरोगी माणसंही हवी होती. म्हणून भाविका आणि जीप चालवणारा हरेश, दोघेही फोटो काढणाऱ्या यंत्राच्या खडखडणाऱ्या नळीत झोपून आले. अमोलला गोळ्या सुरू झाल्या. पण गोळ्यांनी तो दिवसभर पेंगू लागला, आई घाबरली आणि भगताकडे गेली.

देवजीने विळा उचलला. अमोल ओरडला, "ताय गो!"

"थांबा, भगतबाबा!" भाविकाचा आवाज फाटला. "ती फिल्म अमोलची नाय. माझी हाय. कोपऱ्यात माझं नाव छापलंय. मुद्दाम तीच दिली तुमाला. मी तर धडधाकट हाय."

देवजीचे डोळे चमकले. "म्हंजी दोगांत शिरलंय! हिला बी धरा!"

बायका मागे सरल्या, दोन बाप्ये पुढे आले. असं उलटेल हे भाविकाने धरलंच नव्हतं.

"बाबा." गर्दीतून हरेश पुढे आला, देवजीचाच मुलगा. हातातली फिल्म त्याने उन्हाकडे धरली. तेच काळे पंख. "ही माझी. माज्यात बी हाय तुमचं वाघूळ. आदी मला डाग द्या."

विळा देवजीच्या हातात तसाच राहिला. लोखंडाचा लाल रंग उतरत गेला. "तू... तू कवा गेला व्हतास?"

"फुकाट मुंबई बगायला मिळाली. जेवण बी दिलं."

कुणीतरी फिसकन हसलं आणि धरायला आलेले दोघं खाली बघू लागले.

"ती पोकळी हाय," भाविका म्हणाली. "तिच्यात पाणी असतं. माझ्या, तुमच्या, सगळ्यांच्या मेंदूत. फिल्ममधे पाणी काळं दिसतं, बास."

"मंग माज्या पोराचा आजार कुटं दिसतो गो?" जिवलीने विचारलं.

"एका फोटोवरनं डॉक्टरला बी नाय कळत, आये. पुष्कळ लोकांचे फोटो ताडले तर बारीक फरक दिसतो, त्याचाच अभ्यास चाललाय. आजार ओळखतात ते माणसाशी बोलून. गोळीने झोप येते, तर ते डॉक्टरला सांगायचं. गोळी बदलता येते. डाग पुसता येत नाय."

जिवली उठली आणि तिने स्वतःच दोर सोडला.

जीपमध्ये बसताना अमोल कुजबुजला, "ताय, ते अजून बोलतंय. तू बी विष घालणाऱ्यांतली हायस, असं म्हणतंय."

भाविकाने त्याचा हात सोडला नाही. "बोलू दे. आपण जाऊन डॉक्टरला सांगू."

आवाज ऐकणारा माणूस आधीच भेदरलेला असतो. त्याच्यापुढे तापलेला विळा नाचवून आणखी कुणाला घाबरवायचं आहे? त्याला गाडीत बसवा, दवाखान्यात न्या. आणि उशीर करू नका.