एका लग्नाइतकी जागा

आमच्या घरी कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की माझा नवरा गिरीश एकच प्रश्न विचारतो. "तिकडे चालेल का?"

तिकडे म्हणजे पुण्यात. आम्ही राहतो न्यू जर्सीत, पार्सिपनीला. मिक्सर आम्ही एडिसनच्या देशी दुकानातून आणला, दोनशेवीस व्होल्टचा, आणि तो इथे चालावा म्हणून सोबत एक ट्रान्सफॉर्मर. चटणी वाटायची तर आधी तो लोखंडी ठोकळा चालू करायचा, तो घुं घुं करायला लागला की मग मिक्सर. पलंग नट-बोल्टचा, म्हणजे खोलता येतो. टीव्हीचा रिकामा खोका थर्माकोलसकट गॅरेजमध्ये जपून ठेवलेला. आणि बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून आठ भरलेली खोकी, प्रत्येकावर गिरीशच्या टपोऱ्या अक्षरात 'पुणे'. त्यांत माझी पुस्तकं आहेत आणि लग्नातली काचेची भांडी. "दोन वर्षांत जायचंच आहे, कशाला उघडतेस?" असं तो म्हणाला होता, त्याला सहा वर्षं झाली. मधल्या काळात आम्ही हे टाउनहाउस घेतलं, तेसुद्धा "विकताना बरं पडेल" म्हणून. भिंती अजून बिल्डरच्या पांढऱ्या आहेत.

मी पुण्यात भोसरीच्या एका फर्निचरच्या कारखान्यात डिझाइन करायचे. इथे मी नवऱ्याच्या व्हिसावर, त्यामुळे नोकरी करायला बंदी. त्यात दोन हजार सहाच्या त्या सप्टेंबरात गिरीशचा व्हिसा वाढला, पण माझा वाढवायचे कागद कुठल्याशा ऑफिसात अडकले. इथलं ड्रायव्हिंग लायसन्स व्हिसाच्या तारखेला बांधलेलं असतं, तेही संपलं. गाडी दारात आणि मी खिडकीत. दूध आणायचं तरी गिरीश घरी यायची वाट बघायची. इथल्या रस्त्यांना फूटपाथसुद्धा नाहीत, नाहीतर मी रागारागानं चालत गेले असते.

अशा वेळी राजारामकाका आले, करवत घेऊन.

काका आमच्या रांगेतच पलीकडे राहतात. एकाहत्तर साली आलेले इंजिनियर, आता निवृत्त. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या बेसमेंटमध्ये टेबल सॉ होती, म्हणजे टेबलातून पातं वर येतं ती विजेची करवत. काकांचे हात थरथरायला लागले तशी कॅलिफोर्नियातल्या मुलीनं फोनवरून करवत बंद करायचं फर्मान काढलं. मग काकांनी दोन शेजाऱ्यांना हाताशी धरून ती करवत आमच्या गॅरेजात आणली.

"दिली नाही हं," काका म्हणाले, "ठेवायला दिलीय. अधूनमधून चालवत जा. मशीन नुसतं उभं राहिलं की गंजतं."

"माझ्यासारखं," मी म्हटलं. काका हसले नाहीत.

मी ठरवलं, त्या आठ खोक्यांच्या जागी भिंतभर पुस्तकांचं कपाट करायचं. खोलता येणारं नाही. बाजूच्या फळ्यांत आडव्या खाचा पाडायच्या, कप्पे त्या खाचांत बसवायचे, ग्लूनं पक्के करायचे आणि सगळं भिंतीला ठोकायचं. अशी रुंद खाच एका फटक्यात पाडायला डॅडोचं पातं लागतं. काकांचं जुनं होतं, पण ते वॉबल, म्हणजे एकच पातं दांड्यावर तिरकं बसवायचं आणि ते झिंगल्यासारखं डुलत फिरणार. त्यानं खाचेचा तळ गोलसर येतो. कप्पा टेकणार कशावर?

काकांनीच मला दुकानात नेलं. त्यांचं लायसन्स शाबूत होतं, फक्त स्टिअरिंगवर हात थरथरत होते. मी सीटबेल्ट दोनदा तपासला.

"स्टॅक्ड सेट घे," दुकानात काका म्हणाले. "बाहेरची दोन पाती, मधे भरायची ही पाती, म्हणजे चिपर. हवी तेवढी जाडी रचायची. तळ सपाट येतो. आणि सहा इंचीच घे. आठ इंची दिसायला छान, पण आपली मोटर दमेल तिच्यापुढे."

संध्याकाळी गिरीशनं तो डबा उचलून पाहिला आणि अपेक्षित प्रश्न आला.

"तिकडे चालेल का?"

"नाही," मी म्हटलं. "भोसरीतल्या आमच्या करवतीचा दांडा एका पात्यापुरता होता. एवढी चवड त्यावर बसणारच नाही."

"मग कशाला घेतलंस, यार?"

"इथे चालतं म्हणून."

"नंतर बोलू," म्हणत त्यानं डबा खाली ठेवला. गिरीशचं हे हुकमी अस्त्र आहे. भांडण करत नाही, भिजत घोंगडं ठेवतो.

पहिली खाच पाडली आणि माझा पोपट झाला. मी पाती अगदी पाऊण इंचाची रचली होती, कारण प्लायवर पाऊण इंच लिहिलं होतं. कप्पा खाचेत खुळखुळायला लागला. मोजपट्टी लावली तर एकोणीस मिलिमीटर असायला हवी ती पाऊण इंची प्लाय जेमतेम सव्वाअठरा. अठरा मिलिमीटरची प्लाय अठराचीच असते असं समजणाऱ्या आमच्यासारख्यांना हा देश असा फसवतो. काका मात्र खूश झाले. त्यांनी घरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. आत जाड कागदाच्या गोल चकत्या, प्रत्येकीला मधोमध भोक.

"एक बारीक चिपर काढ आणि उरलेलं अंतर यांनी भर. पात्यांच्या मधे घालायच्या."

मी चकत्या हातात घेतल्या. मरून, पिवळ्या, हळदीच्या रंगाच्या. कुठे सोनेरी वेलबुट्टी, कुठे 'चि. सौ. कां.', कुठे कुणाचं अर्धं आडनाव.

"लग्नपत्रिका?"

"भाच्यांच्या, पुतण्यांच्या, मित्रांच्या पोरांच्या. जाणं व्हायचं नाही. इतका सुरेख कागद टाकवत नाही गं. गणपती मात्र आधी कातरून देवापाशी ठेवतो." काकांनी डबा हलवला. "ही सगळी माझी न गेलेली लग्नं."

त्यांचं कोथरूडला घर आहे, मला माहीत होतं. पंचवीस वर्षं भाड्यानं दिलेलं. काका कधीतरी तिथे राहायला जाणार होते. काकांसमोर रडायचं नव्हतं म्हणून मी विचारलं, "किती लग्नं घालू?"

"तीन घाल. दोनानं सुकं झकास घट्ट बसेल, पण ग्लूचं पाणी लागलं की लाकूड फुगतं. मग अर्ध्यात अडकतं, पुढे जात नाही आणि मागे येत नाही. ग्लूला एका लग्नाइतकी जागा सोडावी."

काका गेल्यावर मी एक चकती काढून टाकली. भोसरीत माझ्या ड्रॉइंगवरच्या जोडातून कागदही सरकत नसे, असं सुतार म्हणायचे. आणि खरं सांगते, मला या घरात एक तरी गोष्ट अशी हवी होती जी हलणार नाही. मी प्लग काढला, दोन लग्नांवर पाती परत रचली, नट आवळला, लाकडाच्या तुकड्यानं फळ्या रेटत सगळ्या खाचा पाडल्या. कप्पा बसवून पाहिला. उचलला तर बाजूची फळीही सोबत उचलली गेली, ग्लूचा थेंब नसताना. आठवड्यात पहिल्यांदा मी जेवताना गुणगुणले. काढलेली चकती एप्रनच्या खिशात पडली होती. तिच्यावर 'अगत्य येण्याचे' एवढंच राहिलं होतं, पुढचं कातरीत गेलं होतं.

शनिवारी दुपारी जोडणी. खोकी बाजूला सारली आणि बाजूच्या दोन लांब फळ्या जमिनीवर काठावर उभ्या केल्या. एकीला मी गुडघा टेकवून, समोरच्या दुसरीला गिरीश, गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी धरून. चार कप्पे होते. सगळ्या खाचांत मी ग्लू घातला आणि पहिला कप्पा लाकडी मोगरीनं ठोकत दोन्ही बाजूंनी आत बसवला. तो किंचाळल्यासारखा आवाज करत गेला.

"सोडू?" गिरीशनं विचारलं.

"सोडलंस तर फळी पडेल आणि जोड फाटेल. हलू नकोस."

तो तसाच बसला. आणि माझ्या लक्षात आलं, सहा वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच मला एका जागी सापडलाय. फोन नाही, लॅपटॉप नाही, "नंतर बोलू" म्हणून उठून जायची सोय नाही.

"ग्लू धरायला पाच-दहा मिनिटं लागतात," मी म्हटलं. "तोवर पुसता येतो, मग नाही. गिरीश, आपण राहणार आहोत की जाणार आहोत?"

"आत्ता हे काय काढलंस?"

"राहणार असू तर दुसरा कप्पा ठोकते. जाणार असू तर पुसते. मला कुठलंही उत्तर चालेल. फक्त उत्तर दे."

त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी मोगरी खाली ठेवली नाही.

"मेमध्ये विचारलं होतं त्यांनी," तो शेवटी म्हणाला.

"कुणी?"

"कंपनीनं. पुण्याच्या ऑफिसला. टीम लीड म्हणून ट्रान्सफर देत होते. बाणेरला."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. मेमध्ये. मे महिन्यात माझं लायसन्स होतं, मी रोज त्याचा डबा भरत होते, रोज रात्री आम्ही एका ताटलीत आंबा खात होतो.

"मग?"

"नाही म्हटलं."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हो म्हणाले असते! भोसरीला गेले असते, उद्याच्या उद्या! सहा वर्षं मी त्या ठोकळ्यावर चटण्या वाटतेय, कारण तुला जायचंय! आणि दार उघडं होतं आणि तू ते माझ्या तोंडावर लावलंस?"

"मी घाबरलो, सुमेधा." त्याचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "इथे काही बिनसलं की मी म्हणतो, जाऊ दे, आपल्याला जायचंच आहे. तिकडे गेल्यावर काय म्हणू? तिकडे नाही जमलं तर पुढे कुठे जायचं?"

त्याची मला दया आली, आणि दया आली म्हणून आणखी राग आला.

मी मोगरी टाकली आणि ओलं फडकं उचललं. उरलेल्या खाचा एकेक करून पुसल्या, कोपऱ्यात नख घालून पुसल्या. मग पहिल्या कप्प्याला हात घातला. हलेना. खालून मोगरीनं ठोकलं. हलेना.

"ओढ," मी म्हटलं.

त्यानं फळी गुडघ्यांत धरून त्याच्या बाजूनं ओढलं, मी माझ्या बाजूनं. दोघांचे चेहरे लाल झाले. कपाट जमिनीवर वीतभर सरकलं, पण कप्पा सुटला नाही. ग्लूचं पाणी पिऊन प्लाय फुगली होती आणि मी तिला कागदाचीही जागा ठेवली नव्हती. काकांनी सांगितलं होतं. हे माझंच काम होतं, अगदी चोख.

"ते परत विचारतील?" मी धापा टाकत विचारलं.

"नाही. जूनमध्ये रवींद्र गेला त्या जागेवर."

"आणि तू इथे नोकरी बदललीस तर?"

"ग्रीन कार्डची रांग पहिल्यापासून. तोवर तुला नोकरीची परवानगी नाहीच."

मी एका 'पुणे' खोक्यावर बसले आणि रडले. चांगली आवाज करून रडले. तो उठून येऊ शकत नव्हता, कारण मीच त्याला हलू नकोस म्हटलं होतं आणि तो खरंच हलला नाही. तिथूनच "सॉरी" म्हणत राहिला. रुमालासाठी एप्रनच्या खिशात हात घातला तर ती चकती हाताला लागली. हळदीच्या रंगाची. अगत्य येण्याचे. कुणाचं तरी लग्न, कुणीतरी मनापासून बोलावलेलं, आणि जाणं झालेलं नाही. मी ती परत खिशात टाकली.

समोर एकच कप्पा बसलेलं कपाट. ते खोलून खोक्यात घालता येणार नव्हतं आणि असं ठेवून त्यात पुस्तकंही लावता येणार नव्हती. दुपार उतरायला लागली होती. दूध संपलं होतं. ते आणायला गिरीशच जाणार होता, आणि मी घरी थांबणार होते.

मी ग्लूची बाटली उचलली आणि पुसलेल्या खाचांत परत ग्लू भरला, एकही न सोडता. दुसरा कप्पा खाचेच्या तोंडाशी टेकवला. गिरीश माझ्याकडे बघत होता. आपल्याला माफ केलं की काय, असं त्याला वाटलं असावं.

"धर," मी म्हटलं. "घट्ट धर. हे आता सुटत नाही."

आणि मोगरी उचलली.