तिसऱ्या मजल्यावरची पूर्वेची खिडकी

मी एक जुनी इमारत आहे. सात मजले, अठ्ठावीस घरे, फाटकाशी चार झाडे. पण मित्रांनो, मान वर करून मला शोधू नका. मी टेबलावर मावते. मी बांधायच्या इमारतीचा पुठ्ठ्याचा नमुना आहे. एका बाईंनी चिमट्याने एकेक खिडकी चिकटवून मला घडवले आणि बिल्डरच्या कार्यालयात काचेखाली ठेवले.

पहिले वर्ष कौतुकाचे गेले. पहिले घर घेणाऱ्यांना सरकारने सवलत दिली होती, बँकांनी कर्जाचे व्याज उतरवले होते. लोकांची रीघ लागली. रीघ पाहून बिल्डरने किमती चढवल्या आणि सवलतीचा बराचसा फायदा तिथेच जिरला. तरी लोक हरखून माझ्यावर बोट ठेवत, "हे आपलं!"

एकदा एक टेलर मास्तर बायकोला घेऊन आले. तीही शिवणकाम करायची.

"उजेड कसा आहे हो? मला काजं करायला उजेड लागतो," तिने विचारले.

"वहिनी, तिसरा मजला घ्या, पूर्वेची खिडकी! दिवसा दिव्याला हात लावायला नको," विक्रेता म्हणाला. तो सदा टाय लावायचा, म्हणून सगळे त्याला टायवालाच म्हणत.

मास्तरांनी खिशातून टेप काढली. "काच उचला जरा." त्यांनी माझी खिडकी मोजली. दीड सेंटिमीटर. "खरी इमारत शंभरपट ना? म्हणजे दीड मीटर. पडदे शिवूनच ठेवतो."

"अहो, आधी भिंत तर उभी राहू दे!"

"भिंत त्यांची, पडदा माझा. बघू कुणाचं आधी होतं."

त्यांनी कर्ज काढून ते घर नोंदवले, आणि महिन्याभरात पडदेही झाले. पुढे मास्तर येता-जाता टायवाल्याला चिडवत, "आम्ही तयार आहोत बरं का!"

मग महागाई वाढली. ती आवरायला व्याजाचे दर चढवले गेले, सवलतही सरकारने बंद केली. नवे गिऱ्हाईक येईना, आणि बिल्डर तर नव्यांच्या पैशांवर पुढचा मजला चढवत होता. दुसऱ्या मजल्यावर काम थांबले. मास्तरांच्या खिडकीच्या जागी नुसते आभाळ होते.

मास्तर मात्र न मिळालेल्या घराचा, व्याजाने वाढलेला हप्ता भरत होते आणि राहत्या घराचे भाडेही. दोन्ही झेपेना, तेव्हा ते एका बिनखिडकीच्या खोलीत राहायला गेले.

चौथ्या वर्षी ते तावातावाने आले. "तिला आता काजं दिसत नाहीत! भर दुपारी दिवा लावून डोळे फोडते. तुमच्या घरच्यांशी असं वागला असता का हो?"

टायवाल्याने काचेवर चौथा मजला दाखवला. "मास्तर, तुमच्या डोक्यावरचं घर माझं आहे. आई दर रविवारी विचारते, कधी जायचं."

मास्तरांनी माठातले पाणी पेल्यात ओतले आणि त्याच्यापुढे ठेवले.

गेल्या आठवड्यात कार्यालय बंद झाले. सामान निघाले. टायवाला मास्तरांना बोलावून म्हणाला, "मास्तर, हिला तुम्ही न्या. भंगारात नको जायला."

मास्तरांनी मला दोन्ही हातांनी उचलले. किती जपून उचलले! दाराशी त्यांची बायको उभी होती. तिने डोळे बारीक करून मला पाहिले, तिसऱ्या मजल्यावरून बोट फिरवले.

"अहो, पण ठेवायची कुठं?"

मास्तरांनी आपली खोली डोळ्यांपुढे आणली. खाटेखाली कापड, कपाटावर भांडी, मशीन तर दारातच. मग त्यांनी मला कार्यालयाच्या पायरीवर ठेवले आणि बायकोचा हात धरून तिला रस्ता ओलांडून नेले.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. कुणी बँकेत बसाल, कुणी कायदे कराल, कुणी घरे बांधाल. कागदावरचा एखादा आकडा बदलण्याआधी जरा विचारा, की ज्यांनी घरासाठी पैसे भरले, ते राहतात कुठे? मी पुठ्ठ्याची आहे, पायरीवरही राहीन. माणसांना उजेडाची खोली लागते, आणि ती डोळे शाबूत आहेत तोवरच मिळावी लागते.