मनगट खाली, मनगट वर

एकशे शहाऐंशी.

तळमजल्यावरचा नळ उघडला की बादली धडधडते. सर्वांत वरच्या मजल्यावर त्याच टाकीचं पाणी करंगळीएवढं येतं.

"गोळी म्हणजे रक्ताला दिलेली शिवी, बाळा!"

एकशे अठ्ठावीस.

टाळ्या.

टाळ्या आकडेबाबांना होत्या. भाड्याचा हॉल, दोनेकशे माणसं, आणि पुढच्या खुर्चीत माझा दादा. बाबांनी त्याच्या मनगटाला रक्तदाबाचं यंत्र बांधलं, हात खाली सोडायला लावला आणि आकडा माईकवर वाचला. मग "हात माथ्यावर, चित्त माझ्यावर" म्हणत तेच बटण पुन्हा दाबलं. प्रेशर मिनिटात अठ्ठावन्नने उतरलं!

दादाने आपल्या गोळ्यांची पाकिटं बाबांच्या टोपलीत टाकली. टोपली निम्मी भरलेलीच होती.

वहिनी कुजबुजली, "भावोजी, मशीन कसं खोटं बोलेल?"

"मशीन खरंच बोलतंय, वहिनी. लबाड माणूस आहे."

मी प्लंबर. उठलो, सरळ पुढे गेलो.

"काय रे, श्रद्धा नाही वाटतं?" बाबा हसले.

"श्रद्धा राहू द्या. तुमचं मनगट द्या."

लोक हसले, म्हणून त्यांना नाही म्हणता येईना. हात खाली: एकशे एकाहत्तर. हात माथ्यावर: एकशे चौदा. मंत्र कुणीच म्हटला नव्हता.

"खाली पाणी जोरात, वर मंद," मी ओरडलो. "यांनी प्रेशर उतरवलं नाही. नळ वर नेला!"

मग दादाचं मनगट छातीशी, हृदयाच्या उंचीला धरलं. एकशे अठ्ठावन्न.

"हा खरा आकडा. अजून चढलेलाच आहे."

"पण मला काहीच होत नाही रे."

"पाइप फुटायच्या आदल्या दिवशी बाहेरून कोरडाच असतो, दादा."

"शाप लागेल, नास्तिका!" बाबा किंचाळले.

असेन. पण मेंदूतली नस शापाने फुटत नाही. वर्षानुवर्षं चढलेला दाब तिला झिजवतो. तंबाखू, दारू त्याला हातभार लावतात. कधी कारण डोक्याला बसलेला मार असतो, मनानेच घेतलेली रक्त पातळ करणारी औषधंही असतात. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, डोकं अचानक असह्य दुखलं, तर इस्पितळ गाठा. आणि कुणी आकडा दाखवला, तर आधी विचारा: हात कुठे होता?

मी टोपली उलटी केली. दादा गुडघ्यांवर बसून पाकिटांवरची नावं वाचू लागला. मागून आणखी चौघं आली.

आमची आई छप्पन्नाव्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. त्या सकाळी तिने सात घरांचे इस्त्रीचे कपडे पोचवले होते.