करंजाच्या तेलातल्या नळ्या

मुनीरचं मस्तगडला मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळकी मोटार त्याच्याकडं आली की परत गरगरत जायची, अशी त्याची ख्याती. २००६ च्या दिवाळीनंतर एका दुपारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कौसल्या मॅडम दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "मुनीरभाई, साडेआठशे डिग्रीची भट्टी पाहिजे. आडवी. मधून क्वार्ट्झची, न वितळणाऱ्या काचेची, नळी आरपार जाईल अशी."

"बनवतो की. पण तिच्यात भाजणार काय तुम्ही?"

"करंजाचं तेल."

मुनीर हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्टुलावर बसून सगळं सांगितलं. डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक कार्बनच्या नळ्या असतात. वजनाला हलक्या, ताकदीला पोलादाहून भारी. मोठ्या लॅबमधले लोक त्या महागड्या रसायनांपासून बनवतात. मॅडमना त्या झाडाच्या तेलापासून बनवायच्या होत्या. तीर्थपुरीला त्यांच्या वडलांच्या, रखमाजींच्या, बांधावर करंजाची सात झाडं होती.

"तेलाचा फवारा गरम नळीत मारायचा. तेलात लोखंड असलेली एक नारिंगी पूड विरघळवायची. उष्णतेनं लोखंडाचे कण सुटतात आणि त्या कणांवर कार्बनची नळी उगवते. बी पेरल्यासारखी."

हे ऐकलं आणि मुनीरची बोटं आपोआप तार शोधायला लागली.

महिनाभरात कॉलेजच्या लॅबमध्ये भट्टी उभी राहिली. भट्टीच्या विटा, विजेनं तापणारी नायक्रोमची तार, बाहेरून पत्रा. आत हवा शिरली तर तेल पेटेल, म्हणून वेल्डिंगवाल्या कमरोद्दीनकडून अरगॉन वायूचं सिलिंडर आणलं. फवाऱ्याला रंगाच्या गनची तोटी बसवली. पण करंजाचं तेल चिवट. तोटी तुंबायची, नळीत थेंब टपाटप पडायचे आणि शेवटी हाती लागायचा डांबरासारखा कडक थर. पहिल्या वेळी तसंच, दुसऱ्या वेळी तसंच. पाचव्या वेळी मॅडमनी हातमोजे काढून टेबलावर ठेवले.

"तेलच बदलावं लागंल, मुनीरभाई. टर्पेंटाइन पातळ असतं."

मुनीर तोटीपाशी वाकून बसला होता. त्यानं तेलाच्या डब्याला हात लावला. डबा गार होता.

"मॅडम, थांबा जरा. आमचं मोटारीचं वार्निश बी थंडीत असंच करतं. दह्यासारखं होतं. मंग मी डबा गरम पाण्यात ठेवतो, की बराबर पातळ. तेल गरम करून सोडलं तर?"

मॅडमनी हातमोजे पुन्हा उचलले. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "एवढं साधं! पूडपण जास्त विरघळंल त्यात!"

मुनीरनं तेलाच्या नळीवर अस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, दोरीवर तेल तापवायला नायक्रोमची तार. संध्याकाळी चारला पुन्हा भट्टी पेटली. काटा साडेआठशेवर गेला. अरगॉन सुरू झाला. मॅडमनी झडप उघडली आणि तोटीतून थेंब न पडता धुकं निघालं! पिवळसर, मऊ धुकं, ते थेट लालभडक नळीत शिरलं.

"चाललं! बघा, चाललं!" मुनीर ओरडला. कॉरिडॉरमधून जाणारा शिपाई दचकून आत डोकावला.

वीस मिनिटं दोघंही हलली नाहीत. भट्टी निवायला तीन तास लागले; तेवढ्यात मुनीर चार वेळा उठला आणि चार वेळा मॅडमनी त्याला बसवलं. शेवटी नळी बाहेर काढली. आतली भिंत काळी होती, पण डांबरासारखी चकचकीत नव्हती, मखमलीसारखी. मॅडमनी लांब सळईनं खरवडलं. कागदावर काळा कापूस पडला. मुनीरचा श्वास लागला तरी तो उडत होता.

"हेच का ते?"

"काजळीपण अशीच दिसते. पुण्याला मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय काही सांगता यायचं न्हाई. तुम्ही चला माझ्याबरोबर."

पुण्यातल्या लॅबमध्ये अवजड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बसवलेल्या खोलीत अंधार होता. मशीन चालवणाऱ्या माणसानं नमुना आत सरकवला. हिरवट पडद्यावर नुसते काळे गोळे दिसले. "काजळी वाटते," तो म्हणाला. मुनीर पडद्याजवळ वाकला.

"जरा बाजूला घ्या ना," तो म्हणाला. "त्या कोपऱ्यात."

चित्र सरकलं आणि पडदा नळ्यांनी भरून गेला! वाकड्या, सरळ, एकमेकींत गुंतलेल्या, आतून पोकळ. एकीच्या टोकाला लोखंडाचा काळा ठिपका. मशीनवाला खुर्चीत पुढं सरकला. त्यानं चित्र आणखी मोठं केलं; नळीच्या भिंतीचे एकावर एक थर वेगळे दिसू लागले. मॅडमनी मुनीरचं मनगट गच्च धरलं आणि लगेच ओशाळून सोडलं.

"भट्टी कुठल्या कंपनीची?" मशीनवाल्यानं विचारलं.

मॅडमनी मुनीरकडं बोट केलं.

बाहेर येताच मुनीरनं घरी बायकोला, शहाजादीला, फोन लावला. "अगं, एका केसाच्या जाडीत दोन हजार नळ्या बसतील, एवढ्या बारीक! मी डोळ्यांनी बघितल्या!"

शहाजादीनं शांतपणे विचारलं, "मंग त्यातून जातं काय?"

फोन तसाच कानाला धरून मुनीरनं तोच प्रश्न मॅडमना विचारला. मॅडमनी पर्समधून कागद काढला आणि तिथंच जिन्यावर बसल्या. "पाणी जाऊ शकतं. गाळणी होऊ शकते," त्या भराभर लिहायला लागल्या. "पण आधी नळ्या सरळ उगवायला पाहिजेत. एका भागात तेलाची वाफ, दुसऱ्यात नळ्या. तुमच्या भट्टीचा दुसरा भाग वेगळा तापवता येईल?"

"येईल की," मुनीर शेजारच्या पायरीवर बसत म्हणाला. "दोन वाइंडिंग करू. आणि मॅडम, पुढच्या वेळी करडईचं तेल घालून बघायचं का?"