दहा हजार एकावी टाइल

काका गेले आणि मागे दहा हजार एक टाइल ठेवून गेले. मागणी दहा हजारांची होती. मुलांच्या दवाखान्याच्या भिंतीवर जिराफ करायचा होता: शंभर ओळी, ओळीत शंभर, चोख चौरस. बोटाच्या पेराएवढी एकेक टाइल काकांनी स्वतः पाडून भाजली होती. वर ही एक काळी कुठून टपकली, देव जाणे!

काकांचा कायदा कडक होता. टाइल कापायची नाही आणि भट्टीतून निघालेली एकही उरवायची नाही.

"शेवटी शेवटी मोजणी चुकली दादाची," काकूंचे धाकटे दीर म्हणाले. "वय झालं होतं. द्या टाकून, वहिनी."

काकूंच्या ते जिव्हारी लागलं. चहात साखर घातली की नाही हे नवऱ्याच्या लक्षात राहायचं नाही, पण टाइल मोजण्यात तो उभ्या जन्मात चुकला नव्हता. दहा हजार एकचा दुसरा एखादा आयत निघाला, तर ती चूक कशी म्हणायची? काकू इरेला पेटल्या. तीननं भागलं, सातनं भागलं, अकरा, तेरा, सतरा करत वर चढल्या. आकडा काही दाद देईना. एकाहत्तरलाही बाकी उरली तेव्हा त्यांनी पेन्सिल आपटली.

"मेला अगदी तुझ्या काकांसारखा आहे. कुणाचं म्हणून ऐकत नाही!"

"काकू, शंभराच्या आत सापडला नाही तर कधीच सापडणार नाही," पुतणी म्हणाली. "थोडेच तर उरलेत."

"तूच बस त्याच्या नादी लागून." काकू झोपायला गेल्या, पण रात्रभर ती काळी टाइल डोळ्यांपुढे नाचत होती.

सकाळी दोघी भिंत बघायला गेल्या आणि काकूंनी कपाळाला हात लावला. भिंतीवरून आडवा नवाकोरा पाइप गेला होता. चौरस बसणं शक्यच नव्हतं.

"आजोबांना ठाऊक होतं की," नर्सबाई म्हणाल्या. "तासभर बसले होते या छोट्या खुर्चीवर. एक टाइल घेऊन पाइपाखाली मोजत होते. मग एका पोरीला विचारलं, जिराफानं मान वाकवून तुझ्याकडे बघितलं तर चालेल का?"

काकूंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. चित्र भिंतीवर चढेपर्यंत काका कधी ब्र काढायचे नाहीत, आणि त्याच आठवड्यात ते गेले होते.

पुतणीनं भराभर मोजलं. "पाइपाखाली त्र्याहत्तर ओळी बसतात. काकू, तुम्ही एकाहत्तरवर थांबलात ना? बहात्तर सम, तो सोडा. पुढचा हाच होता!" तिनं तिथंच भागाकार केला. एकशे सदतीस, बाकी शून्य.

"पण मग काळीच का?" काकूंनी विचारलं आणि विचारता विचारताच त्यांना उमगलं. काकांनी आधी कागदावर काढलेल्या चित्रात जिराफ बाजूनं दिसत होता, एका डोळ्याचा. मान वाकवून पोरांकडे बघायचं तर दुसरा डोळा हवाच. काकू त्या छोट्या खुर्चीवर बसून मनसोक्त रडल्या आणि मध्येच हसल्याही.

जिराफ भिंतीवर चढला. शेवटची, काळी टाइल काकूंनी स्वतः बसवली आणि दिरांना फोन लावला.

"भावोजी, या बघायला. तुमचा दादा तुमच्याकडेच बघतोय."